एल्ड्रिज बंगलीतली ऊब

२ नोव्हेंबर १९८७, सोमवार

पोचले एकदाची. ग्रीन बेहून निघताना गाडीत इतकं सामान कोंबलं होतं की मागचं काही दिसत नव्हतं, तरी फुटलं काय, तर एक आरसा, तोही कोपऱ्यात. फाटकाशेजारचं हे राखणदाराचं घर माझ्या कल्पनेपेक्षा चांगलं निघालं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, तळघरात घर तापवणारी तेलावरची भट्टी आणि खिडकीतून थेट सरोवर. शाळेच्या बॉयलरखोलीत एकोणीस वर्षं काढल्यावर कामाच्या जागी खिडकी असते हेच विसरायला झालं होतं. शाळा बंद पडली तेव्हा रडले होते. आज वाटतंय, बरंच झालं.

काम सोपं आहे. सरोवराच्या या टोकावर शिकागो-मिलवॉकीकडच्या लोकांच्या उन्हाळी बंगल्या आहेत. हिवाळ्यात इथे कुणी नसतं. पाइपांमधलं पाणी काढायचं, बंगल्या बंद करायच्या आणि वसंतापर्यंत फेऱ्या मारायच्या. आधीचे राखणदार ओइवा हार्यू आता सत्तरीच्या पुढे गेलेत, म्हणून मला नेमलं. ते रस्त्यापलीकडेच राहतात. किल्ल्यांचा जुडगा देताना एकेक किल्ली मोजून दाखवली त्यांनी. चेहरा मात्र दगडाचा.

दुकानवाली लेम्पी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आली. कोपरखळी मारायची एक संधी सोडत नाही. म्हणाली, इथे हिवाळ्यात दोनच जातीची माणसं टिकतात, चिवट आणि वेडी. तू कुठली ते मार्चमध्ये कळेल. मी म्हटलं, दोन्ही असेन तर? तर म्हणे, मग तुला नवरा बघायला लागेल इथलाच.

खूप दिवसांनी मनापासून हसले.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आज ओइवांबरोबर बंगल्या बंद केल्या. माणूस बोलत नाही, पण काम देखणं. आधी मुख्य वॉल्व्ह बंद, मग वरपासून खालपर्यंत सगळे नळ उघडायचे, पाणी गरम करायची टाकी रिकामी करायची, पंपाने पाइपांमधून हवा सोडायची आणि जिथे थेंब अडकतो तिथे न गोठणारं गुलाबी औषध ओतायचं. हॅलोरन यांच्या बंगलीत मी एक वाकडा पाइप विसरले, तर ओइवा म्हणाले, पोरी, थंडीला कानाकोपरा माहीत असतो, आपल्यालाही हवा. मला पोरी म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. बरं वाटलं.

एकच गोष्ट खटकली. शेवटची, अगदी खडकाजवळची एल्ड्रिज बंगली. तिथे काही बंद करायचं नाही म्हणाले. भट्टी चालू ठेवायची, नळाची धार दोऱ्याएवढी सोडायची आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची. मी विचारलं, कोणी राहायला येणार आहे का? नाही. मग? तर म्हणाले, पाइप जुने आहेत.

पाइप जुने असतील तर ते आधी रिकामे करायला नकोत? हे मला शिकवायची गरज नाही, त्यांना तर नाहीच नाही. सांगितलं तसं केलं. पण म्हातारा माझ्याकडे न बघता बोलत होता.

१५ नोव्हेंबर, रविवार

पहिला दमदार बर्फ. सकाळी फेरी मारली. सगळं ठीक, एल्ड्रिज सोडून.

नळाची धार मी परवा स्वतः सोडली होती. आज नळ घट्ट बंद होता, इतका की पाना लावून सोडवावा लागला. दिवाणखान्यात सगळ्या सामानावर चादरी आहेत, पण एका खुर्चीवरची चादर काढून घडी करून ठेवलेली आणि ती खुर्ची जमिनीतल्या गरम हवेच्या जाळीला अगदी चिकटवून ठेवलेली. कोणीतरी पाय शेकत बसल्यासारखी.

बाहेर माझ्या बुटांशिवाय एकही ठसा नव्हता.

म्हणजे कोणीतरी आतच राहतं. आणि ओइवाला ते माहीत आहे.

दुकानात लेम्पीपाशी सहज विषय काढला. एरवी एका प्रश्नाची दहा उत्तरं देणारी बाई, टोस्टची पाकिटं मांडायला लागली. म्हणाली, ओइवाने सांगितलंय ना, मग तसं कर. मी म्हटलं, लेम्पी, तिथे कोण आहे? ती म्हणाली, तिथे कोणी नाही, आणि कॉफी थंड होतेय तुझी.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

एल्ड्रिज बंगली पोटमाळ्यापासून शोधली. पलंगांवर गाद्या नाहीत. कपाटात खाण्याचा कण नाही. उंदीरसुद्धा नाहीत, आणि एवढ्या ऊबेत उंदीर नसणं हेच विचित्र. मग घराखाली उतरले. जमीन आणि फरशी यांच्यात रांगत जाण्यापुरती पोकळी आहे. टॉर्च घेऊन पोटावर सरकत गेले. पाइपांना नवी कोरी ऊबदार वेष्टनं, तापणाऱ्या पट्ट्या, सगळं निगुतीने केलेलं. इतकं तर कोणी स्वतःच्या घरात करत नाही. मधोमध एका जागी जमिनीवर लोकरीची घोंगडी अंथरलेली.

तिथे झोपतं कोणी? घरात मऊ खुर्च्या असताना?

बाहेर आले तर म्हातारा झाडाखाली उभा. किती वेळ उभा होता देव जाणे. खाली गेलीस का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माझं कामच आहे ते. तुम्ही कुणाला लपवलंय इथे? पोलीस ज्याला शोधतायत असा कोणी? त्याने मान हलवली आणि निघून गेला. साधं रागावलाही नाही. खोटं बोलणारी माणसं रागावतात तरी.

भट्टीचं तेल कोण भरतं तेही विचारायला हवं होतं.

७ डिसेंबर, सोमवार

आज सगळं उघड झालं. निदान अर्धं.

मिलवॉकीहून एल्ड्रिजबाईंच्या भाचीचा फोन आला. बाई उन्हाळ्यात वारल्या, बंगली आता हिची. बोलता बोलता मी भट्टीचा विषय काढला, तर ती उडालीच. रिकामं घर तापवताय? कोणाच्या सांगण्यावरून? ताबडतोब बंद करा म्हणाली. मी तेच केलं. भट्टी बंद, पाणी काढलं, पाइप फुंकले, औषध ओतलं, दाराला नवं कुलूप. शाळेत शिकले तसं, एकही थेंब न ठेवता.

परत येताना म्हातारा रस्त्यातच भेटला. धुराड्यातून धूर येत नव्हता, ते त्याने लांबूनच पाहिलं होतं. टोपीसुद्धा घातली नव्हती. मला वाटलं आता आरडाओरडा करेल. त्याने माझी बाही धरली आणि सांगायला लागला, इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

म्हणे, त्याचा धाकटा भाऊ होता, रेइनो. दोघं मिळून राखण करायचे. एका जानेवारीत एल्ड्रिजखालचा पाइप गोठला. रेइनो तो सोडवायला खाली गेला आणि ओइवा वर वॉल्व्हपाशी थांबला. पाइप मोकळा झाला की एक ठोका मारायचा, असं ठरलेलं. ओइवाला ठोका ऐकू आला. त्याने वॉल्व्ह उघडला. पण पाइप मोकळा झालेला नव्हता, फुटला, आणि सगळं पाणी त्या अरुंद जागेत रेइनोच्या अंगावर. त्याचा पट्टा कशाततरी अडकला होता. ओइवा पोचेपर्यंत पाणी गोठायला लागलं होतं. त्याला बर्फातून कापून काढावं लागलं.

पुढच्या हिवाळ्यापासून तो परत येतो म्हणे. एल्ड्रिजबाईंनी स्वतः पाहिलं, म्हणून त्या हयातभर बंगली तापवत आल्या. यंदाचं तेल म्हाताऱ्याने भरलं. धार रेइनोला सहन होत नाही, वाहत्या पाण्याचा आवाज. तो नळ बंद करतो. मग रोज सोडता कशाला, मी विचारलं. तर म्हणाला, नळ बंद दिसला की कळतं, तो घरात आहे, कुठे भटकत नाहीये.

आणि म्हणाला, त्याला फक्त थंडी वाजते, पोरी. दुसरं काही मागत नाही तो.

मी हसले. आता लिहिताना तितकं हसू येत नाहीये, पण तेव्हा हसले. म्हटलं, छान गोष्ट आहे, पोलिसांना सांगा. त्याच्याकडची जुनी किल्लीही मागून घेतली. त्याने निमूटपणे दिली.

१६ डिसेंबर, बुधवार

कोणीतरी माझ्याशी खेळतंय.

आज हॅलोरन यांच्या बंगलीत सिंकखालचं कपाट उघडं. त्याच्या शेजारच्यातही. मग पळत पळत सगळ्या बंगल्या पाहिल्या. सगळीकडे कपाटांची दारं सताड उघडी आणि पाइपांवरची वेष्टनं सोलून काढलेली. फाडलेली नाहीत. केळं सोलावं तशी. आत ऊब आहे का, ते बघितल्यासारखी.

कुलपं शाबूत. बर्फावर ठसे नाहीत.

तडक दुकानात गेले. म्हातारा तिथेच कॉफीत टोस्ट बुडवत बसला होता. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, नोकरी गेली म्हणून मला पळवून लावायचंय तुम्हाला, दुसऱ्या चाव्या करून ठेवल्यात तुम्ही. त्याचा टोस्ट कॉफीत पडला. लेम्पीने माझ्यासमोरचा कप उचलला, नळाखाली धरला आणि म्हणाली, अर्लीन, आज तुझ्यासाठी इथे काही नाही.

म्हाताऱ्याने एकच विचारलं, सगळ्या बंगल्या पाहिल्यास ना? मग आता फक्त तुझं घर राहिलं.

ही धमकी नाही तर काय?

२४ डिसेंबर, गुरुवार

घर तापत नाही.

भट्टी सकाळपासून अखंड चालू आहे, जाळीवर हात धरला तर चटका बसतो, आणि दोन पावलांवर श्वासाची वाफ दिसते. फिल्टर बदलला, ज्योत पाहिली, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. भट्टीत दोष नाही. ऊब बाहेर पडते आणि मध्येच कुठेतरी संपते.

सिंकखालचं कपाट उघडं होतं. मी बंद केलं. कॉफी ओतली, वळून पाहिलं तर उघडं. आतल्या पाइपावरचं वेष्टन काढून बाजूला ठेवलेलं. नीट, घडी केल्यासारखं. कपाटाच्या फळीवर पांढरं हिम धरलंय. घराच्या आत, भट्टी चालू असताना.

म्हातारा घरात शिरलेला नाही. मी दिवसभर इथेच होते.

लेम्पीने दारात काहीतरी ठेवलंय, फडक्यात गुंडाळून. पास्टी आहे, मांस-बटाटा भरलेली मोठ्या करंजीसारखी, अजून गरम. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. सण आहे म्हणून असेल. म्हाताऱ्याला ती किती वर्षांपासून ओळखते आणि मी कालची. तरीही. खाताना डोळ्यांत पाणी आलं.

अर्धीच खाल्ली होती, तर उरलेली ताटलीत दगडासारखी झाली.

३० डिसेंबर, बुधवार

शून्याखाली वीस. रेडिओ म्हणतो, अजून उतरेल.

जाळीपाशी खुर्ची ओढून बसले होते. कॉफी आणायला उठले, परत आले तर खुर्चीच्या बैठकीवर दव गोठलेलं. माझ्याच खुर्चीवर. दुसरी खुर्ची घेतली. जरा वेळाने पाठीला गार लागायला लागलं. वारा लागतो तसं नाही. पाठीला पाठ लावून कोणी बसावं तसं. आधी खांदे. मग पाठ. मग मानेपाशी काहीतरी टेकलं, जसं थकलेलं माणूस डोकं टेकवतं —

मी किंचाळले नाही. हळूच म्हटलं, रेइनो?

गारवा अजून घट्ट चिकटला.

ओइवांना फोन केला. नुसतं म्हटलं, तो इथे आहे, माझं चुकलं. त्यांनी टोमणा मारला नाही. म्हणाले, चुकलं म्हणू नकोस, त्याला दूर लोटू नकोस, एल्ड्रिजची भट्टी पेटवली की जाईल आपला आपण. तिकडच्या वाटेवरचा बर्फ काढला की दोघं मिळून करू. मधले दिवस भरपूर कपडे घाल, पोरी. आणि एका जागी फार वेळ बसू नकोस.

२ जानेवारी १९८८, शनिवार

हात चालत नाही नीट. पण लिहायलाच हवं, कोणीतरी वाचायला हवं.

सकाळी ओइवा आले. एल्ड्रिजला गेलो. भट्टी पेटेना. महिनाभराच्या थंडीने घराखालच्या नळीतलं तेल मेणासारखं घट्ट झालं होतं. मी बंद केली नसती तर — ओइवा म्हणाले, मी खाली जाऊन नळी शेकतो. मी म्हटलं, मी जाते, मी तरुण आहे. ते म्हणाले, ती जागा माझी आहे. तेल सरकलं की ठोका मारेन, मग तू बटण दाब.

ठोका आला. बटण दाबलं. भट्टी घुरघुरली, विझली.

पुन्हा ठोका. पुन्हा विझली.

मग ठोके येतच राहिले. सावकाश. मी हाका मारल्या, उत्तर नाही. बाहेर धावले, घराखाली जायच्या झडपेतून टॉर्चचा उजेड टाकला.

ओइवा कुशीवर पडले होते. डोळे उघडे. दाढी पांढरी, पापण्या पांढऱ्या. आत जाऊन अशी किती मिनिटं झाली होती, एवढ्यात माणूस असा होत नाही. अंगात कोट नव्हता. कोट त्यांनी काढून शेजारच्या घोंगडीवर पसरला होता, कडा नीट खोचून, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसा. मी कोट उचलला. खाली कोणी नव्हतं.

ठोके मारायला घेतलेला पाना त्यांच्या हातापासून लांब पडला होता. आणि ठोके अजून येत होते.

त्यांना ओढायला गेले. जमिनीला चिकटले होते. माझ्याने निघाले नाहीत. माफ करा, ओइवा, माझ्याने निघाला नाहीत.

घरी आले. फोन मेलाय. गाडी चालू होत नाही. वादळ सुरू झालंय, रस्ता दिसत नाही. लेम्पीपर्यंत चालत जाता येणार नाही अशात.

३ जानेवारी, रविवार

दिवस आहे, पण खिडकीत नुसतं पांढरं. भट्टी चालू. तेल संपत आलंय.

पाइपांवरची वेष्टनं सगळी गेली. कपाटं सगळी उघडी. बंद करायचं सोडून दिलंय.

पाठीशी तो आहे. सकाळपासून. आता खांद्यांत काही वाटत नाही. डावा हात गेला. तो रागावलेला नाही, लिहून ठेवते, राग अजिबात नाही त्याला. चिकटलाय फक्त.

—

दारावर थाप.

वाटलं लेम्पी. वाटलं बर्फ काढायची गाडी आली.

खिडकीची काच खरवडून पाहिलं. ओइवा आहेत. पायरीवर. नुसत्या शर्टात, डोक्यावर काही नाही. क्षणभर इतका आनंद झाला — वाटलं वाचले, शुद्धीवर आले, चालत आले. दाराशी धावले, कडीला हात घातला.

मग ते बोलले. पोरी, फार थंडी आहे गं बाहेर, आत घे. अगदी त्यांच्याच आवाजात. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

तोंडातून वाफ येत नव्हती.

—

कडी सोडून टेबलापाशी येऊन बसलेय. दार उघडणार नाही. एकालाच पुरत नाही माझी ऊब. दोघांना कुठून —

अजून बोलावतायत. आता मला नाही. रेइनो म्हणतायत. रेइनो, मी आहे, ओइवा. दार उघड.

—

पाठीवरचं ओझं हललं. उठलं. खांदा मोकळा झाला, गरम वाटलं थोडं, किती दिवसांनी —

फरशीवर पांढरे ठसे उमटतायत, दाराकडे. एक. अजून एक —

नको. रेइनो, नको, माझं ऐक —

कडी सरकतेय. आतून —